मोठ्या नंबरचा दगड

बातमी आली तो बुधवार होता. बुधवारी आमच्या पेठेत नळाला पाणी येत नसे, आणि अंघोळ चुकवायला सरकारी कारण असलेला वार म्हणून मला तो आवडायचा. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो, रत्ना आत भाकरी थापत होती, आणि समोरच्या बोळात राहणारा महबूब कंडक्टर ड्यूटीवरून परत येताना आमच्या दारात थांबला.

महबूब अक्कलकोटच्या गाडीवर होता. माझे सासरे चनबसप्पा यांचा मळा त्याच रस्त्याला लागून, त्यामुळे सासऱ्यांचे निरोप पोस्टाने न येता महबूबच्या तोंडून येत. ते पोस्टापेक्षा लवकर पोचत आणि पोस्टासारखे मुके नसत, कारण निरोप सांगताना महबूब सासऱ्यांचा आवाजही काढायचा. त्या दिवशी त्याने आवाज काढला नाही, तेव्हाच मी पेपर खाली ठेवला.

"वहिनी, मळ्यातलं इंजिन बसलंय की," तो म्हणाला. "नुसता धूर टाकतंय, पाणी काय वडंना. मालक म्हनले, सोमवारच्या बाजारात लाकूडवाल्याला गाठतो, मंगळवारी लिंबोण्या तोडून मोकळा होतो."

त्या लिंबोण्या माझ्या सासूबाईंनी, सुंदरम्मांनी, लावलेल्या. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीत इंजिन ओढेल एवढे पाणी नव्हते, तेव्हा रत्ना माहेरी जाऊन राहिली होती आणि मायलेकींनी घागरींनी पाणी घालून ती झाडे जगवली होती. सासूबाई दुष्काळ सरल्यावर गेल्या. झाडे राहिली. आता विहिरीत पाणी होते, उन्हाळा होता, आणि ते वर आणणारे इंजिन बसले होते.

रत्नाच्या हातातली भाकरी थांबली नाही. ती उलटून तव्यावर टाकल्यावर तिने महबूबला सांगितले, "अप्पांना म्हणावं, लाकूडवाला आला तर त्याला चहा पाजा आणि बसवून ठेवा. कुऱ्हाड लावू देऊ नका. आम्ही इंजिन नीट करून देतो. आणि उद्या त्यातला लायनर काढून तुमच्या गाडीत घालायला सांगा."

महबूब गेल्यावर मी विचारले, "आम्ही म्हणजे कोण कोण?"

"जेवून घ्या," ती म्हणाली. "भाकरी गार होतीय."

लायनर म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हते. (रत्नाला होते. ती त्या इंजिनाशेजारीच लहानाची मोठी झालेली.) दुसऱ्या दिवशी तिने मला बडेसाबच्या गॅरेजात पाठवले आणि तिथे मला ज्ञान मिळाले. इंजिनाच्या पोटात एक जाडजूड लोखंडी नळकांडे असते, त्याला लायनर म्हणायचे. त्यात दट्ट्या खालीवर होतो. दट्ट्याला कंगोऱ्यासारख्या रिंगा असतात. त्या रिंगा लायनरला घट्ट चिकटून राहिल्या तर दाब टिकतो. नाही टिकला तर सगळा जोर बाजूने निसटून जातो, तेल जळते आणि निळा धूर निघतो.

"रिंगा नव्या टाका, त्या मिळतात," बडेसाब म्हणाला. "लायनर नवा पुण्याहून मागवायचा तर महिना जाईल. हाय त्यालाच होन मारायचा, साब."

होन हे हत्यार त्याने मला दाखवले. तीन पाय, प्रत्येक पायाला दगडाची एक चपटी कांडी, आणि पाय बाहेर फाकवणारी स्प्रिंग. वर दांडी. ती ड्रिल मशीनमध्ये अडकवायची, मशीन सुरू करायचे आणि फिरता होन लायनरच्या आत खालीवर करायचा. पाहताक्षणी मला ते हत्यार आवडले. एखाद्या जाळ्यातल्या कोळ्याला मुंज करून बसवावे तसे ते दिसत होते.

पण बडेसाबचा स्वतःचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. (चालत्या जीपमधून कसे उतरू नये, हे तो गिऱ्हाइकाला करून दाखवत होता.) त्याची माणसे साखर कारखान्याच्या ट्रकांना जुंपलेली. "मशीन घरी न्या," तो म्हणाला. "अवघड काय न्हाई. होनचे माझे दगड जुने हैत, लई खरबरीत, ते वापरू नका. नवे आणा. बीच के नंबर के. आणि साब, उसमें अपनी अक्कल नक्को चलाना."

मी म्हणालो, "दगडच आणायचे ना, मी आणतो."

या कथेत मी घेतलेला एवढाच निर्णय. बाकी सगळे त्यातून आपोआप झाले.

मी त्या वेळी सोलापुरातल्या एका गिरणीत सूत खात्याचा हेडक्लार्क होतो. सुताच्या जगात नंबर म्हणजे प्रतिष्ठा. दहा-वीस नंबरचे सूत जाडेभरडे, ते चादरीला. चाळीसचे बरे. ऐंशीचे लुसलुशीत, धोतराला. नंबर जितका मोठा तितका माल उंची, हे मी इतकी वर्षे लिहीत आलो होतो की मला माणसेही त्याच हिशेबाने दिसत. हार्डवेअरवाल्या ईश्वरप्पाने माझ्यासमोर दगडांची तीन खोकी मांडली आणि त्यांच्यावर नंबर छापलेले दिसले, तेव्हा मला परक्या गावात ओळखीचा माणूस भेटल्यासारखे झाले. बडेसाबने मधले सांगितले होते. पण सासऱ्यांच्या इंजिनाला मधला माल? मी सर्वांत मोठ्या नंबरच्या खोक्यावर बोट ठेवले.

ईश्वरप्पाने विचारले, "शेवटचा हात मारायला पाहिजे का?"

"पहिला आणि शेवटचा," मी म्हणालो.

त्याने खोक्यावरचा नंबर पुन्हा एकदा वाचला आणि खोके कागदात गुंडाळून दिले.

शुक्रवारी महबूबने लायनर आणला. गोणपाटात बांधून त्याने तो ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसवला होता. व्याह्यांकडचा पाहुणा आहे, असे तो म्हणाला. रत्नाने गोणपाट सोडले, लायनरमध्ये हात घालून आतून फिरवला आणि मला बजावले, "आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवून घ्या. याला जोड नाही." आणि ती बाजारात गेली.

सूचना रास्त होती. पण मध्यमवर्गीय घरात दोन्ही बाजूंनी उघडे, गोल, धातूचे नळकांडे मिळणे किती कठीण असते याचा आपण कधी विचार करत नाही. खलबत्त्याला बूड होते. डब्यांनाही. मग मला फडताळात सोऱ्या दिसला. रत्नाच्या माहेरचा, पितळी, भक्कम. खालची चकती काढली की आरपार मोकळा. मी त्याला बडेसाबचे जुने खरबरीत दगड लावले. (नवे उंची दगड सरावात झिजवायचे नाहीत, एवढा काटकसरी मी होतो.) होन आत घालून मशीन सुरू केले तसा असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरच्या अक्कम्मांनी खिडकीतून डोके काढून कोणाचे काय झाले म्हणून विचारले. मी रॉकेल ओतत होतो आणि खालून सोन्यासारखा पिवळा चिखल गळत होता. कान साफ करताना मळ निघाला की माणूस जसा खूश होतो तसा मी खूश होतो. हात चांगला बसला असे वाटल्यावर सोऱ्या पुसून जागेवर ठेवला.

शनिवारी गिरणी अर्धा दिवस. दुपारभर मी मागच्या अंगणात बसून लायनरला मोठ्या नंबरचा दगड मारला. चिखल जवळजवळ निघतच नव्हता, हे मला उंची मालाचे लक्षण वाटले. संध्याकाळी लायनर आतून असा झळकायला लागला की त्यात माझा चेहरा दिसत होता. मी त्यात बघून भांग पाडला. रत्ना आली, वाकून बघितले आणि म्हणाली, "चकचकीत झालंय. पण हे इंजिनात बसवायचंय ना, देव्हाऱ्यात नाही ना?" मी ते कौतुक समजलो.

रविवारी पहिल्या गाडीने लायनर आणि विकत आणलेल्या नव्या रिंगा घेऊन मी एकटाच मळ्यावर गेलो. सासऱ्यांनी लायनर उजेडात धरून आत पाहिले.

"जावई, ह्येच्यात मिशा कातरायच्या काय?"

मी नम्रपणे हसलो. ते आणि त्यांचा गडी भीमा यांनी लायनर बसवला, नव्या रिंगा घालून दट्ट्या सोडला, सगळे आवळले. भीमाने हँडल मारले. इंजिन सुरू झाले, आणि त्यातून निळा धूर असा निघाला की शेजारचा शेतकरी ऊस पेटला म्हणून धावत आला. पाइपातून पाणी आले, पण कोणी कावीळ झालेला माणूस तांब्याने ओतत असावा तसे. एवढी झळाळी येऊन इंजिन पूर्वी होते तिथेच होते.

सासरे रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी इंजिन बंद करायला लावले, खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसले आणि लिंबोण्यांकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. तुमी केलं तेवढं लई झालं. तिला सांगा, आईची झाडं हुती, आईबरूबर गेली म्हनून समज."

हा निरोप मी रत्नाला सांगितला नाही. मी लायनर परत काढायला लावला, गोणपाटात बांधला आणि महबूबच्या दुपारच्या गाडीने सोलापूर गाठले. रत्नाने मला आणि गोणपाटाला दारात पाहिले आणि काही न विचारता बडेसाबला बोलावणे पाठवले.

बडेसाब येईपर्यंत पाहुण्यासाठी शेव करावी म्हणून तिने डाळीचे पीठ भिजवले आणि सोऱ्या काढला. मी पुढच्या खोलीतून बघत होतो. सांगावे की नाही, असा विचार करेपर्यंत तिने पीठ भरून दट्ट्या दाबलाही होता. शेव खाली पडली नाही. पीठ दट्ट्याच्या चारी बाजूंनी वर आले, तिच्या बांगड्यांवर चढले आणि मनगटावरून कोपराकडे निघाले. तिने आणखी जोर लावला. पीठ आणखी वर आले.

दारात उभा असलेला बडेसाब सगळे बघत होता. तो गंभीरपणे म्हणाला, "भाभी, इसका बी बोअर गया."

रत्नाने सोऱ्याचे तोंड आपल्याकडे वळवून आत पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा आत. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो. ती हात धुऊन आली आणि पदर खोचून बडेसाबसमोर जमिनीवर बसली.

"हे सोऱ्याचं कळलं मला. घासून घासून भोक मोठं केलंय, दट्ट्या सैल पडला. पण लायनरमधून तर काहीच निघालं नाही म्हणतात. मग तिथं काय बिघडलं?"

बडेसाबने डाव्या हाताने लायनरमधून बोट फिरवले आणि तो चुकचुकला. "आरसा किया साब ने. नवी रिंग को घासने कू कुछ होना की नै? बारीक लकीरां होना, एक इधर से, एक उधर से, जाली जैसी. उसमें तेल थांबता. रिंग बैठती. काच पे क्या बैठती?"

"पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावतात, तसं," रत्ना म्हणाली.

"बस, वैसाच."

"आणि यांनी पाटा घासून काच केली." तिने माझ्याकडे वळून विचारले, "दगड कुठला आणला होतात?"

मग मला सुताचे सगळे समजावून सांगावे लागले: वीस, चाळीस, ऐंशी, प्रतिष्ठा. बडेसाबने ते फार आदराने ऐकून घेतले. मी संपवल्यावर तो म्हणाला, "साब, तुमची गोष्ट धोतराला बराबर है." रत्नाने तोंडाला पदर लावला. बुधवारपासून ती प्रथमच हसत होती, म्हणून मी तो अपमान पदरी घेतला. सोऱ्यात मी फार काढले होते आणि लायनरमध्ये काहीच काढले नव्हते. चुकण्याच्या दोन्ही दिशा आमच्या घरात आता तपासून झाल्या होत्या.

"आता तुम्ही रॉकेल धरा," ती म्हणाली. "होन मी मारते."

सोमवारी मी रजा टाकली. ईश्वरप्पाच्या दुकानात ती माझ्याबरोबर आली आणि तिने खोक्यावरचे नंबर वाचलेच नाहीत. एक लोखंडी पट्टी मागून घेतली आणि तिन्ही दगड तिच्यावर एकेकदा ओढायला लावले. मग पट्टी तिरकी धरून तीन ओरखड्यांवरून अंगठ्याचे नख फिरवले. एकावर नख अडले, एकावर घसरले. मधल्यावर ते किंचित रेंगाळले. "हा द्या," ती म्हणाली. लुगडे घेताना ती दुकानदाराला अख्खे कपाट खाली काढायला लावायची, तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहत असे. त्या दिवशी मी आत उभा राहिलो, आणि ईश्वरप्पाने बघावे की ही माझी बायको आहे, असे मला वाटत होते.

अंगणात लायनर लाकडी चौकटीत पाचर मारून उभा केला. बडेसाब खुर्चीवर बसला. मी एका हाताने चौकट धरून दुसऱ्या हाताने रॉकेलची धार सोडत होतो. रत्नाने होन आत सोडला, मग मशीन सुरू केले.

ते कसे होते हे नीट सांगता आले तर मला हवे आहे. मी केले तेव्हा मशीन मला ओढत होते. ती मशीनला नेत होती. शेंगाची चटणी उखळात कुटताना तिचा हात जसा पडायचा, ना घाई ना विसावा, तसाच तो वरखाली होत होता. दगड वरून थोडासा डोकावे आणि आत जाई, खालून डोकावे आणि परत फिरे. पुरता बाहेर कधी आला नाही आणि आत कुठे थबकलाही नाही. बडेसाब सुरुवातीला तिच्याबरोबर डाव्या हाताने ताल देत होता. थोड्या वेळाने त्याने हात मांडीवर ठेवला आणि नुसता बघू लागला. जेवढे मारायचे तेवढे मारून, कोणी न सांगता, तिने मशीन बंद केले.

"बस?" बडेसाबने विचारले.

"बस. याच्यापुढे सोऱ्या होईल."

आत पाहिले तर चकाकी गेली होती. सगळीकडे मऊ राखाडी रंग होता आणि त्यात बारीक तिरक्या रेघा एकमेकींना छेदत गेल्या होत्या, एक तिकडून, एक इकडून. आडवाउभा धागा मी आयुष्यभर पाहत आलो होतो. लोखंडात विणलेले कापड पहिल्यांदाच पाहिले.

मग तिने तो गरम पाण्याने आणि साबणाने धुतला, पुन्हा पुन्हा. बडेसाबचे म्हणणे, दगडाचे पीठ आत राहिले तर नव्या रिंगा तेच खाऊन टाकते. पांढरे फडके आत फिरवून पांढरेच बाहेर आले पाहिजे. घरात पांढरे फडके नव्हते. रत्ना आत गेली आणि माझे सणासुदीचे धोतर घेऊन आली.

"हे ऐंशीचं आहे ना?" ती म्हणाली. "म्हणजे चांगलंच असणार."

धोतर काळे होत गेले. शेवटचा कोपरा पांढरा बाहेर आला.

मंगळवारी आम्ही दोघे पहिल्या गाडीने गेलो. लाकूडवाला आमच्या आधी आला होता. कुऱ्हाडी बांधाला टेकवून तो चहा पीत बसला होता. निरोप महबूबने चोख पोचवला होता. सासऱ्यांनी लायनर हातात घेतला, आत पाहिले आणि या वेळी मिशांचे काही काढले नाही. भीमाबरोबर त्यांनी तो बसवला. भीमाने हँडल मारले.

धूर आला. निळा, दाट, रविवारसारखाच.

लाकूडवाला उठून उभा राहिला. सासऱ्यांनी भीमाला बंद करायची खूण केली.

"थांबा अप्पा," रत्ना म्हणाली. "रिंगा घासून बसायला वेळ लागतो. चालू दे."

"कसं ग चालू दे? त्येला किती वेळ खोळंबून ठिवायचं?"

"त्याला अजून चहा द्या."

लाकूडवाल्याने दुसरा चहा घेतला.  रत्ना इंजिनाजवळ धुरात उभी होती, डोक्यावरून पदर, आणि कान देऊन ऐकत होती. मी धुराकडे बघत होतो, कारण ऐकून मला काही कळले नसते. धूर आधी पातळ झाला की मला तसे वाटू लागले, हे सांगता येत नाही. मग त्यातून पलीकडची विहीर दिसली. मग भीमा दिसला. मग इंजिनाचा ठोका भरदार झाला, पाइप एकदा खोकला, आणि पाण्याची दंडाएवढी धार खालच्या दगडी थारोळ्यात कोसळली.

लाकूडवाल्याने कप पालथा घातला, कुऱ्हाडी उचलल्या आणि राम राम करून गेला.

सासरे थारोळ्याजवळ गेले, वाकले आणि त्या धारेखाली तोंड धुऊ लागले. बराच वेळ धूत होते. टॉवेलने पुसून झाल्यावर त्यांनी मला विचारले, "जावई, ह्येच्यात तुमचं काय काय?"

"रॉकेल मी ओतलं," मी म्हणालो.

त्यांनी विचार केला. "बरं वतलं," ते म्हणाले.

लिंबोण्यांना पाणी देऊन झाल्यावर इंजिन बंद केले, जेवणे झाली, आणि सासऱ्यांना माझी दया आली असावी; दुसऱ्या पाळीला इंजिन जावयानेच सुरू करावे असे त्यांनी फर्मावले. मी हँडल धरले आणि सर्व ताकदीने फिरवले. इंजिनाने मला तेवढ्याच ताकदीने परत फिरवले. मी चिखलात बसलेला असताना रत्ना पुढे आली, डाव्या हाताने इंजिनाच्या वरची, दाब मोकळा ठेवणारी कळ धरली, उजव्याने हँडल फिरवत नेले, कुठल्याशा क्षणी कळ सोडली आणि इंजिन सुरू झाले.

"कळ कधी सोडायची तेवढंच आहे," ती म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात शिकवीन तुम्हाला."

पुढच्या उन्हाळ्यात गिरणीत संप होता. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिची तब्येत बरी नव्हती. त्याच्या पुढचा उन्हाळा तिने पाहिला नाही.

लिंबोण्या चांगल्या आहेत. सासरे आता थकले आहेत, म्हणून रविवारी महबूबच्या गाडीने मी जातो आणि पाणी द्यायचे असले की बांधावर बसून भीमाची वाट बघतो. कधी तो लवकर येतो, कधी दुपार करतो. मला ते इंजिन सुरू करता येत नाही. ते शिकायचे राहून गेले.